फुलावर आलेली वांगी हिरवीच्या हिरवी का मरतात

पाठोपाठ तीन वर्षं आमच्या परसातली वांगी एकाच वळणावर मेली. बी रुजलं, तरवा (रोपं) चांगला झाला, रोपं वाफ्यात लावली, झाडं गुडघ्याला लागली, जांभळी फुलं दिसू लागली आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका झाडानं भर दुपारी मान टाकली. संध्याकाळी ते पुन्हा उभं. दुसऱ्या दुपारी पुन्हा लोंबलं, संध्याकाळी अर्धंमुर्धं सावरलं. चौथ्या दिवशी उठलंच नाही. पानं मात्र हिरवीगार. पिवळेपणा नाही, डाग नाहीत, पानामागे कीड नाही. मग शेजारचं झाड गेलं, मग त्याच्या खालचं. पहिल्या वर्षी चौदा झाडांतली नाताळापर्यंत तीन उरली होती. त्या तिघांनीही संक्रांत पाहिली नाही.

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, उतारावर. खाली जांभा, वर वीतभर तांबडी माती. ओळखीत ज्यांनी ज्यांनी वांगी लावली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हीच तक्रार सांगितली, आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. पाणी कमी पडलं, पाणी जास्त झालं, शेणखत कच्चं होतं, वाळवी लागली, बीच खराब निघालं. माझंही दरवर्षी नवं निदान असायचं.

पहिल्या वर्षी मला वाटलं, तहान. मान टाकलेलं झाड दिसलं की मी झारी घेऊन धावायचे. संध्याकाळी झाड उठायचं आणि मला वाटायचं, बघा, पाण्यानंच उठलं. ते पाण्यानं उठत नव्हतं. ऊन उतरलं की पानांतून जाणारं पाणी कमी होतं, म्हणून उठत होतं. दुसऱ्या वर्षी मी बुरशी ठरवली. बाजारातल्या एका दुकानदारानं तांब्याचं बुरशीनाशक दिलं, ते आळ्यात ओतलं. काही फरक नाही. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून वांग्यांची दृष्ट काढली. मला तेव्हा हसू आलं होतं. पण त्यांच्या उपायानं निदान नुकसान तरी झालं नाही, माझ्या पाण्यानं झालं.

तिसऱ्या वर्षी पणजी मार्केटात आगशी गावची वांगी विकणाऱ्या एका बाईंशी बोलता बोलता हे रडगाणं निघालं. दोन बोटं मुळाच्या जागी धरून दाखवत त्या म्हणाल्या, "बाये, तांकां तान लागूंक ना. तांकां दुयेंस लागलां." तहान नाही, आजार आहे. तिथून पुढे मी पाणी सोडून आजाराचा शोध सुरू केला.

ग्लासातली परीक्षा

कुठलंही औषध आणण्याआधी ही परीक्षा करा. दहा मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत.

नुकतंच मान टाकलेलं झाड निवडायचं. पूर्ण वाळलेलं नको. जमिनीपासून दोन बोटं वर धारदार सुरीनं खोड कापायचं आणि तिथून वरचा चार बोटं लांबीचा तुकडा घ्यायचा. पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन ते निवळू द्यायचं. तुकडा कपड्याच्या चिमट्यानं ग्लासाच्या काठाला असा धरायचा, की मुळाकडचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल. मागे काळा कपडा धरायचा आणि ग्लासाला अजिबात हात लावायचा नाही.

मी नवऱ्याचा फेणीचा छोटा ग्लास घेतला होता. पहिलं मिनिटभर काही दिसलं नाही. मग कापलेल्या टोकातून एक पांढुरका धागा निघाला आणि सरळ खाली उतरू लागला. उदबत्तीचा धूर उलटा, वरून खाली येत असेल तर कसा दिसेल, तसा. मग दुसरा, तिसरा. पाचव्या मिनिटाला ग्लासाच्या तळाशी ताक पातळ केल्यासारखं पाणी जमलं. शेजाऱ्यांच्या कुंडीत वांग्याचं एक धडधाकट झाड होतं, त्याची फांदी मागून आणली आणि दुसऱ्या ग्लासात तशीच लावली. अर्धा तास झाला तरी पाणी काचेसारखं.

तो पांढरा धागा म्हणजे जिवाणू. लाखोंच्या संख्येनं, खोडाच्या नळ्यांतून बाहेर पडणारे. नाव रालस्टोनिया सोलानासिअरम, आणि रोगाला मराठीत जिवाणूजन्य मर म्हणतात. अमेरिकेतल्या एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे हा काही आपल्या परसात नव्यानं उपटलेला पाहुणा नव्हे. मुळाच्या बारीकशा जखमेतून तो आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि चिकट पदार्थ सोडून त्या तुंबवून टाकतो. मुळाशी पाणी आहे, पानं हिरवी आहेत, फक्त मधली वाट बंद. म्हणून झाड पिवळं पडायलाही सवड न मिळता मरतं. उरलेलं खोड उभं चिरलं तर सालीच्या आत तपकिरी रेघ दिसते, तीही खूणच.

धागा आला नाही तर मग हा रोग नसण्याचीच शक्यता जास्त, आणि दुसरीकडे बघायचं. फक्त शेंडा मलूल झाला असेल आणि खालचं झाड ताठ असेल तर ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. शेंड्याखाली बारीक भोक आणि त्यातून आलेला भुसा सापडेल. दोन बोटं खालून शेंडा कापून चुलीत घालायचा, झाडाला नवे फुटवे येतात. बुंध्याशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती मातीतली वेगळी बुरशी, तिथे खोडाला चिकटलेला पालापाचोळा दूर करणं हे पहिलं काम. खालची पानं एका बाजूनं पिवळी पडत हळूहळू झाड खंगलं तर बुरशीची मर. सगळी पानं बारीक होऊन झाडाचा झुपका झाला आणि फळच धरेना, तर तुडतुड्यांनी आणलेला पर्णगुच्छ. ते झाड उपटून टाकायचं, वाट बघण्यात अर्थ नाही. आणि मुळावर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत. हे मात्र मरीच्या जोडीनंही येतात, कारण त्यांनी पाडलेल्या भोकांतूनच जिवाणूला आत जायला दार मिळतं.

आमच्याच वाफ्यात का?

या जिवाणूला ऊब आणि ओल लागते. साधारण ३० ते ३५ अंश तापमान त्याला मानवतं, आणि गोव्यात डिसेंबरच्या दुपारीही पारा ३० च्या वर असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसानं मातीतला चुना धुऊन जातो, म्हणून आपली तांबडी माती आंबट. विभागीय कृषी कार्यालयातून माती तपासून घेतली तर सामू (पीएच, जितका कमी तितकी माती आंबट) ५.२ आला. अशा मातीत हा रोग फोफावतो.

पण एवढ्यानं सगळं उलगडत नाही. शेजाऱ्यांची माती तीच, हवा तीच, तरी त्यांची झाडं माझ्याइतकी मरत नाहीत. मग एक दिवस सकाळी चहाचा कप घेऊन मी वाफ्याकडे नुसती बघत बसले, आणि एकेक गोष्ट दिसायला लागली.

न्हाणीचं पाणी वाफ्याच्या कडेनं जायचं. आम्ही ते मुद्दाम तसं वळवलं होतं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. परिणाम असा की वाफ्याचा वरचा कोपरा बारा महिने ओला. पहिलं झाड दरवर्षी त्याच कोपऱ्यात मेलं होतं. त्याच्या वर, चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे, मिरच्यांचा वाफा आहे. त्यातल्याही काही मिरच्या दर पावसाळ्यात बसतात. पावसाचं पाणी तिथून आमच्याकडे उतरतं. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि वांगं हे एकाच कुळातले, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. परसात आपोआप उगवणारी कामोणीही त्याच कुळातली, आणि मी ती कौतुकानं राखून ठेवत असे.

सगळ्यात वाईट गोष्ट कंपोस्टच्या ढिगाची. तिन्ही वर्षं मेलेली झाडं मी इमानेइतबारे ढिगात टाकली, ढीग नीट तापतो की नाही ते कधी बघितलं नाही, आणि पुढच्या वर्षी तेच खत वांग्यांच्या खड्ड्यात घातलं. रोगाची पेरणी मी स्वतःच्या हातानं केली, तीही सेंद्रिय असल्याच्या अभिमानानं. खुरपंही तेच. मेलेल्या झाडाजवळची माती उकरायची आणि तसंच पुढच्या झाडाचं तण काढायला जायचं.

आगशीच्या बाईंचं आणखी एक वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, शेतात लाव, परसात नको. आगशीला किंवा ताळगावला भात कापून झाल्यावर त्याच शेतात भाजी लावतात. पावसाळाभर त्या शेतात पाणी साचलेलं असतं, आणि पाण्याखाली दबलेल्या मातीत हा जिवाणू कमी होत जातो. भात हे त्याच्या आवडीचं पीकही नाही. म्हणजे शेताला दरवर्षी आपोआप औषध मिळतं. उतारावरच्या परसात पाणी कधी साचत नाही, त्यात आपण वर्षानुवर्षं वांगी, मिरची, टोमॅटो त्याच दोन वाफ्यांत फिरवत राहतो.

मान टाकलेल्या झाडाला काय करायचं

काहीच नाही. उपटायचं. हे लिहायला मला जड जातं, कारण फुलावर आलेलं झाड उपटवत नाही. पण नळ्या एकदा तुंबल्या की त्या मोकळ्या करणारं औषध नाही. बुरशीनाशक बुरशीसाठी असतं, जिवाणूवर ते आळ्यात ओतून उपयोग होत नाही. प्रतिजैविकांची पावडर ओतण्याचा सल्ला मिळतो, तो कृपा करून ऐकू नका. झाड वाचत नाही आणि ती पावडर आपल्याच विहिरीकडे जाते.

झाड मुळासकट, भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढायचं, वाळवून जाळायचं. मी खड्ड्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतते आणि खुरपंही त्यातच बुडवून धुते. शेजारच्या झाडांचं पाणी कमी करायचं. पाट काढून एका झाडाकडून दुसऱ्याकडे पाणी नेण्याची पद्धत तर बंदच. प्रत्येक झाडाला वेगळं आळं आणि वेगळी झारीची धार.

बियापासून पुन्हा सुरुवात

मर रोग वांग्यात मुख्यतः मातीतून आणि रोपाच्या मुळाला चिकटलेल्या मातीतून येतो. म्हणून बियापासून घरी रोप करणं हा मोठाच फायदा. विकतच्या रोपाबरोबर कुणाची माती घरात येते ते आपल्याला कळत नाही. मात्र बी पेरण्यातही मी बराच वेळ चुका करण्यात घालवला.

आगशीच्या वांग्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मोठी, गरदार, आणि कापं करायला यांच्यासारखी दुसरी नाहीत. मार्केटातून आणलेल्या असल्याच एका वांग्यातलं बी मी पेरलं होतं. एकही रुजलं नाही. कारण साधं आहे, आपण खातो ते वांगं कोवळं असतं, त्यातलं बी कच्चं. बियासाठी फळ झाडावरच पिवळं-तपकिरी होऊन कातडी निबर होईपर्यंत ठेवावं लागतं. मग ते चिरून गर पाण्यात कुस्करायचा. तळाला बसतं ते बी चांगलं, तरंगतं ते टाकायचं. सावलीत वाळवायचं. ताजं बी कधी कधी महिना-दोन महिने झोपलेलं राहतं, म्हणून काढल्याबरोबर पेरून "उगवत नाही" म्हणू नये. आणि कागदाच्या पुडीत ठेवू नका. कोरड्या मुलखात वांग्याचं बी चार-पाच वर्षं टिकतं, पण आमच्या जूनच्या हवेत पापड मऊ पडतो तिथे बियाचं काय? काचेची बाटली, घट्ट झाकण, आत कापडात बांधलेले भाजलेले तांदूळ.

पेरणी मी गणेश चवथ झाल्यावर करते, सप्टेंबरच्या मध्यापासून. त्याआधी पेरलं तर तरवा पावसाच्या तडाख्यात सापडतो. जमिनीत ऊब भरपूर असते, त्यामुळे बी आठ-दहा दिवसांत वर येतं. नाही आलं तर आधी मुंग्यांवर संशय घ्या.

रुजलेली रोपं दोन पानांवर असतानाच बुंध्याशी चिमटा काढल्यासारखी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ते रोप कोलमडणं. ही बुरशी, मरीशी हिचा संबंध नाही. दाट पेरणी, सतत ओल आणि कोंदट हवा ही तिची कारणं. एका ग्रॅममध्ये वांग्याचं दोनशेच्या वर बी असतं, आणि पाकीट उघडलं की सगळं पेरायचा मोह होतो. मी आता खाच्यांच्या ट्रेमध्ये एका खाच्यात दोनच बिया टाकते, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. परसातली माती एक चमचासुद्धा नाही, हा नियम कडक. बियाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून लावते, किलोला चार ग्रॅमचं प्रमाण आहे, आपल्या चिमूटभर बियाला त्याची भुकटी नुसती लागली तरी पुरे. पाणी सकाळी, ट्रेच्या खालून. माडाच्या झावळीखाली ट्रे ठेवला की रोपं उंच आणि लेचीपेची होतात, म्हणून रुजल्याबरोबर उन्हात. चार-पाच पानं झाली की, म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ती बाहेर लावायला तयार.

कुठलं बी घ्यावं हा खरा निर्णय. या रोगाला दाद न देणारी वाणं आहेत. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ. केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या, श्वेता, हरिता. केरळची हवा-माती आपल्या जवळची, म्हणून तिकडची नावं लक्षात ठेवावीत. आपल्याकडे जुने गोवे इथल्या एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिनंही मर सोसणारी गोवा ब्रिंजल या नावाची वाणं दिली आहेत. बी मिळतंय का ते तिथे आधी विचारायचं, मग बाजारात. अर्थात प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे. जिवाणूच्या जाती ठिकाणाप्रमाणे बदलतात, एका गावात तगलेलं वाण दुसऱ्या गावात बसू शकतं. चौथ्या वर्षी मी त्याच वाफ्यात सहा अर्का केशव आणि सहा आगशी लावली. केशवचं एक मेलं. आगशीचं एक वाचलं.

वाफ्याची डागडुजी

न्हाणीचं पाणी आधी केळींकडे वळवलं. वरच्या बाजूनं वीतभर खोल चर खणला, म्हणजे गडग्यापलीकडचं पावसाचं पाणी वाफ्यात न येता बाहेरून जाईल. वाफा सपाट होता, तो फूटभर उंच केला.

मग चुना. रोपं लावण्याच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला साधारण दोनशे ग्रॅम शेतीचा चुना मातीत मिसळते. शेणखत आणि चुना एकाच दिवशी घालायचा नाही, खतातला नत्र उडून जातो. सामू दुसऱ्या वर्षी ५.९ वर आला. चुन्यानं जिवाणू मरत नाही, पण मुळं जोमदार होतात आणि त्यामुळे झाड झुंजतं.

उन्हाळ्यात वाफा तापवणं हा मला पटलेला उपाय. एप्रिलमध्ये वाफा भिजवायचा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या, आणि चार ते सहा आठवडे तसंच सोडायचं. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई चालू असते, मिरच्या-कोकमं अंगणात वाळत असतात, त्यांच्याबरोबरीनं मातीही वाळवणाला घातली म्हणायचं. पहिल्या पावसाआधी प्लास्टिक काढायचं. यात वरची वीतभर माती सुधारते, त्याखालची नाही, हे मात्र माहीत असू द्यावं.

आणि पीक बदल. ज्या वाफ्यात वांगी मेली तिथे निदान तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो नाही. मी तिथे अळसांदे (चवळी) लावले, मग तांबडी भाजी (लाल माठ), पावसाळ्यात भेंडी. आलंही लावू नका, त्यालाही हाच जिवाणू मर आणू शकतो. लहान परसात हे जमवणं कठीण आहे, कबूल. म्हणून लोक ग्रो बॅगकडे वळतात. तशी मीही वळले, आणि तिथेही एकदा तोंडघशी पडले.

वीस लिटरच्या आठ पिशव्या आणल्या. बाहेरून आणलेली माती, कोकोपीट, खत, सगळं नवं. जागा मोकळी आहे म्हणून पिशव्या जुन्या वाफ्यावरच मांडल्या. जानेवारीत दोन झाडांनी मान टाकली. पिशवी उचलायला गेले तर उचलेना. पाणी जायच्या भोकांतून मुळं बाहेर पडून खालच्या मातीत हातभर गेली होती. पिशव्या आता चिऱ्यांवर असतात, आणि महिन्यातून एकदा हलवून बघते.

रानवांग्यावरची कलमं

केशवची वांगी भरपूर लागली. लांब, घोसात. सासूबाईंनी भरीत केलं, खतखत्यात (मिश्र भाजीत) घातली, आणि मग म्हणाल्या, "भाजी चांगली गो, पण याची कापं कशी करायची? ताटलीएवढं काप हवं." त्यांचं बरोबर होतं. रवा लावून तव्यावर परतायचं काप लांबट वांग्याचं होत नाही. आगशीचंच वांगं हवं आणि ते मरता कामा नये, तर उपाय एकच राहतो, कलम.

रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत एक काटेरी झुडूप दिसतं. पांढरी फुलं, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोस. सोलॅनम टॉर्वम. तमिळ लोक त्याला सुंडक्काय म्हणतात आणि फळं खातात, मी त्याला रानवांगं म्हणते. मर आणि सूत्रकृमी या दोघांनाही हे पुरून उरतं. त्याचं मूळ आणि आगशीचं डोकं, असा हा संसार.

रानवांग्याचं बी रुजायला आणि वाढायला संथ, म्हणून ते महिनाभर आधी पेरायचं, ऑगस्टमध्येच. दोन्हीची खोडं सारख्या जाडीची झाली की, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर, कलम करायचं. रानवांग्याचं डोकं दोन-तीन पानांच्या वर नव्या ब्लेडनं कापायचं, मध्ये एक सेंटीमीटर खोल उभी चीर द्यायची. आगशीचं रोप दोन पानं आणि शेंडा ठेवून कापायचं, खालचं टोक पाचरीसारखं दोन्ही बाजूंनी तासायचं, चिरेत बसवायचं आणि कलमाच्या क्लिपनं धरायचं. मग सहा-सात दिवस सावलीत, ओलं केलेल्या प्लास्टिकच्या तंबूत, रोज थोडी हवा देत. त्यानंतर हळूहळू उजेडात.

माझ्या हातांना सवय नव्हती. बारातली पाच कलमं पहिल्या आठवड्यातच काळी पडली. बहुतेक वेळा चूक हीच, की कापल्यावर मी पाचर नीट बसते का ते बघत बसले आणि कापलेली जागा सुकली. कापल्याबरोबर बसवायचं, बघायचं नंतर. सात जगली. ती सातही दिवाळीनंतर, दोन-दोन फूट अंतर ठेवून, मुद्दाम त्या बदनाम वरच्या कोपऱ्यात लावली. मूळखुंटातून, म्हणजे खालच्या रानवांग्याच्या भागातून, काटेरी फुटवे येतात, ते दिसले की खुडायचे, नाहीतर महिनाभरात झाड रानवांग्याचंच होतं.

सातातली सहा मार्चपर्यंत उभी होती. कापं झाली, शेजारीपाजारी वाटली, एका झाडावरचं एक फळ बियासाठी चिंधी बांधून राखलं. वांगं स्वतःच्याच परागानं फळतं, पण भुंगे-मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागही आणतात, म्हणून त्या फळाच्या फुलाला उमलण्याआधीच मलमलीची पिशवी घातली होती.

सातवं झाड फेब्रुवारीत गेलं. दुपारी मान टाकली, संध्याकाळी उठलं, चौथ्या दिवशी संपलं. मी पुन्हा फेणीचा ग्लास काढला, जोडाच्या वरचा तुकडा लावला, आणि पांढरा धागा आला. जोडाच्या खालचा, रानवांग्याचा तुकडा दुसऱ्या ग्लासात लावला, तिथे पाणी स्वच्छ. मग बुंध्याभोवतीची माती हातानं उकरली. जोड चार बोटं मातीखाली होता, आणि त्याच्या वरून, आगशीच्या खोडातून, नवी पांढरी मुळं थेट वाफ्यात उतरली होती. डिसेंबरच्या वाऱ्यात ते झाड कलत होतं म्हणून त्याला मातीची भर मीच दिली होती.